रंगमंचावर खाण उभी करताना

वणी तालुक्यात उकणी, निलजई, मुंगोली ही नावं घेतली की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आधी कोळसा येतो. इथल्या बहुतेक खाणी आता उघड्या आहेत. पण भुयारी खाणीत उतरून पोट भरलेली माणसं राजूरच्या बाजूला आहेतच. टोपीवरच्या दिव्याच्या पलीकडे काहीच दिसत नाही म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. अशा गावात एखाद्या हौशी संस्थेने खाणीवरचं नाटक बसवायचं ठरवलं, तर सगळ्यांत मोठी कसोटी प्रकाशयोजना करणाऱ्याची लागेल, कारण खरा काळोख पाहिलेली माणसं समोर बसलेली असतील. निळा दिवा लावून त्याला रात्र म्हणण्याची सोय तिथे चालणार नाही.

हे काम होऊ शकतं, याचा दाखला कोलकात्यात मिळतो. १९५९ मध्ये तिथल्या मिनर्व्हा थिएटरात उत्पल दत्त यांच्या लिट्ल थिएटर ग्रुपने ‘अंगार’ रंगमंचावर आणलं. विषय कोळसा खाणीतल्या दुर्घटनेचा. आत माणसं अडकलेली असताना आग विझवण्यासाठी खाणीत पाणी सोडलं जातं, आणि ते पाणी त्या माणसांच्या अंगावर चढत जातं. संगीत पंडित रविशंकर यांचं, प्रकाशयोजना तापस सेन यांची. रंगमंचावर पाण्याचा थेंब नव्हता, तरी पाणी चढताना लोकांना दिसलं, आणि त्या प्रसंगाचं नाव भारतीय रंगभूमीच्या इतिहासात कायम झालं. सेन यांच्या हाताशी संगणक नव्हता, आपोआप फिरणारा दिवा नव्हता. पाण्याची पातळी कुठून कुठे आणि किती वेळात चढली पाहिजे याचा हिशेब त्यांच्याकडे होता, आणि तो हिशेब हाताने, रोज रात्री, प्रयोग चालू असताना पार पाडायची शिस्त होती. आजच्या डिजिटल दिव्यांचं प्रोग्रॅमिंग म्हणतात ते मुळात हेच आहे. फरक इतकाच की तो हिशेब आता आधी लिहून ठेवता येतो.

गणपती-दुर्गादेवीच्या दिवसांत, ऑर्केस्ट्राच्या मंचावर किंवा लग्नाच्या लॉनवर आकाशात फिरणारे पांढरे झोत आपण पाहतो. आपल्याकडे त्यांना सरसकट ‘शार्पी’ म्हणतात. इटलीच्या क्ले पाकी कंपनीने २०१० मध्ये आणलेल्या एका दिव्याचं ते नाव. नंतर त्याच्या नकला गावोगावी पोहोचल्या. या दिव्याच्या घराण्याची सुरुवात १९८१ मध्ये जेनेसिस या बँडच्या दौऱ्यात झाली. तेव्हा व्हॅरी-लाइटने पहिल्यांदा संगणकाच्या हुकमावर मान वळवणारे, रंग बदलणारे दिवे मंचावर लावले. या दिव्यांत आकृती पाडायची तर आत धातूची किंवा काचेची कापलेली चकती असते, तिला गोबो म्हणतात. जितक्या चकत्या, तितक्याच आकृत्या.

२००१ च्या सुमाराला पीटर विन-विल्सन आणि टोनी गॉटलियर यांनी वेगळी वाट काढली. व्हिडिओ प्रोजेक्टरच्या तोंडासमोर त्यांनी फिरता आरसा बसवला. त्या यंत्राचं नाव कॅटॅलिस्ट. चकतीच्या जागी आता हलतं चित्र आलं आणि ते चित्र मंचावर कुठेही नेता येऊ लागलं. पुढे अमेरिकेच्या हाय एंड सिस्टिम्सने प्रोजेक्टर, संगणक आणि फिरती मान एकाच पेटीत घालून ‘डीएल’ मालिकेचे दिवे काढले. आपल्या नाटकाच्या दृष्टीने यातली मोलाची गोष्ट अशी, की पाण्याच्या लाटेचं चित्र पडद्याच्या चौकटीत अडकून राहत नाही. ते खाणीच्या भिंतीवरून सरकत खांबावर येतं, खांबावरून जमिनीवर उतरतं आणि नटाच्या छातीवर चढतं.

हे सगळं चालतं आकड्यांवर. दिवा आणि दिवे चालवणारा बोर्ड यांच्यातली सामाईक भाषा डीएमएक्स ५१२. अमेरिकेतल्या रंगभूमी तंत्रज्ञांच्या संस्थेने, यूएसआयटीटीने, ती १९८६ मध्ये ठरवली. एका तारेतून ५१२ चॅनेल जातात आणि प्रत्येक चॅनेलवर शून्य ते २५५ यांपैकी एक आकडा असतो. सेकंदाला अडीच लाख बिट या वेगाने सगळे ५१२ आकडे पुन्हापुन्हा पाठवले जातात, सेकंदाला सुमारे ४४ वेळा. दिव्याला आपला पहिला चॅनेल कोणता एवढं सांगून ठेवायचं, की तिथून पुढचे आकडे तो स्वतःचे समजतो.

५१२ हा आकडा मोठा वाटतो, पण पुरत नाही. चोवीस एलईडी पार दिवे, प्रत्येकी सात चॅनेलचे, म्हणजे १६८. बारा शार्पी, प्रत्येकी सोळा, म्हणजे १९२. झाले ३६०. उरले १५२. आणि एकटा डिजिटल प्रोजेक्टर त्याच्या सगळ्या सोयींसह वापरायचा तर शंभराहून जास्त चॅनेल मागतो. दुसरा प्रोजेक्टर आणला की दुसरी तार, म्हणजे दुसरं ‘युनिव्हर्स’ घ्यावं लागतं. म्हणूनच १९९८ मध्ये आर्ट-नेट आलं. त्यामुळे अशी अनेक युनिव्हर्स संगणकाच्या साध्या नेटवर्क केबलवरून नेता येऊ लागली.

शंभर चॅनेल कशाला लागतात? मान वळवायला दोन आणि वरखाली करायला दोन, हे दोन-दोन का ते आधी पाहू. साधारण दिवा ५४० अंश फिरतो. त्याचे २५६ भाग केले तर एक पायरी दोन अंशांहून मोठी होते. दहा मीटर अंतरावर दोन अंश म्हणजे सुमारे ३५ सेंटिमीटर. नटाच्या चेहऱ्यावर नेम धरायचा आणि झोत खांद्यापाशी जाऊन थांबायचा, असं होईल. दोन चॅनेल जोडले की पायऱ्या ६५,५३६ होतात आणि तीच चूक दीड मिलिमीटरपर्यंत खाली येते. उरलेले चॅनेल चित्राचे. कोणत्या फोल्डरमधली कोणती फाइल, ती कुठून सुरू करायची, कुठे संपवायची, किती वेगाने चालवायची, एकदाच की पुन्हापुन्हा. चित्राचा रंग, आकार, कोन, पारदर्शकपणा. तिरप्या भिंतीवर पडताना चित्र वाकडं होऊ नये म्हणून चारही कोपरे ओढून बसवण्याची सोय. शिवाय एका चित्रावर दुसऱ्या-तिसऱ्या चित्राचे थर.

आमच्या खाणीसाठी मी तीन थर घेईन. खालचा थर कोळशाच्या भिंतीचा, जवळजवळ स्थिर. त्यावर पाण्याचं हलणारं प्रतिबिंब, अगदी संथ, मूळ वेगाच्या चौथ्या हिश्शाने चालवलेलं. सगळ्यांत वर काळ्या रंगाची चौकट, जिची खालची कड हळूहळू वर उचलली जाते. पाणी वर चढताना दिसतं ते खरं तर या काळ्या चौकटीमुळे. पाण्याचं चित्र आधीपासून सगळीकडे पडलेलं असतं, आपण ते झाकून ठेवतो आणि खालून उघडत नेतो. नटाने छातीवर हात कधी ठेवायचा आणि हनुवटी कधी वर करायची हे त्या कडेवर ठरतं, म्हणून ही कड दिग्दर्शकाला आणि नटांना तालमीच्या पहिल्या आठवड्यातच दाखवायला हवी. आपल्याकडे प्रकाशयोजना रंगीत तालमीपर्यंत लांबवण्याची सवय आहे. या प्रकारच्या कामात ती सवय घातक ठरते.

आता काळोखाकडे येऊ, कारण खाणीचं नाटक तिथेच ठरणार आहे. व्हिडिओ प्रोजेक्टरचा काळा रंग काळा नसतो. संपूर्ण काळं चित्र पाठवलं तरी आतला दिवा जळतच असतो आणि थोडा प्रकाश गळतो. मंचावर राखाडी चौकोन दिसतो. दिवाणखान्याच्या प्रसंगात तो कोणाच्या लक्षात येणार नाही, खाणीत मात्र पहिल्या क्षणी दिसेल. यावर उपाय यांत्रिक आहे. प्रोजेक्टरच्या तोंडावरची झडप बंद करणारा एक वेगळा चॅनेल असतो, तो ब्लॅकआउटच्या क्यूमध्ये, म्हणजे बोर्डात साठवलेल्या त्या बदलाच्या नोंदीत, लिहावा लागतो. नवशिके चित्राची तीव्रता शून्यावर आणतात आणि झडप विसरतात.

दुसरी अडचण दिवा विझत जाण्याची. टोपीवरचा दिवा बॅटरी संपत आल्यासारखा एका मिनिटात दहा टक्क्यांवरून शून्यावर न्यायचा आहे असं समजा. २५६ पायऱ्यांपैकी दहा टक्के म्हणजे पंचवीसेक पायऱ्या. साठ सेकंदांत पंचवीस पायऱ्या, म्हणजे दर सव्वादोन-अडीच सेकंदांनी एक झटका. उजेडात असा झटका जाणवत नाही, काळोखात प्रत्येक झटका टोचतो. एलईडी दिव्यांत तर शेवटच्या दोन-तीन पायऱ्यांवर दिवा एकदम विझतो. यासाठी ज्या दिव्यांची तीव्रता दोन चॅनेलवर चालते असे दिवे मागून घ्यावेत, नाहीतर त्या प्रसंगापुरते जुने तापणाऱ्या तारेचे हॅलोजन आणि डिमर वापरावेत. तार थंड व्हायला वेळ घेते, त्यामुळे झटके आपोआप गुळगुळीत होतात. जुनं साधन नव्यापेक्षा सरस ठरतं अशा जागांपैकी ही एक आहे.

तिसरी गोष्ट प्रेक्षकाच्या डोळ्याची. उजेडातून अंधारात आल्यावर डोळ्याला काळोखाची पूर्ण सवय व्हायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो, सुरुवातीचा मोठा बदल पहिल्या दहा मिनिटांतला. मध्यंतरानंतर लगेच खाणीचा प्रसंग ठेवला तर लोकांना काही दिसणार नाही, मग दिग्दर्शक ओरडेल की उजेड वाढवा, आणि खाण गेली. त्याऐवजी आधीच्या प्रवेशापासून उजेड कोणाच्या लक्षात न येईल इतका हळू उतरवत आणायचा. आठ मिनिटांचा फेड बोर्डात लिहिणं अगदी सोपं आहे. तो लिहायचं सुचणं हा अनुभवाचा भाग.

प्रोजेक्टर वापरताना लक्सचा हिशेबही घालावा लागतो, तो टाळून चालत नाही. ६००० ल्युमेनचा प्रोजेक्टर नऊ मीटरवरून सहा मीटर रुंद आणि साडेचार मीटर उंच चित्र पाडतो असं धरा. क्षेत्रफळ २७ चौरस मीटर. दर चौरस मीटरला सुमारे २२० ल्युमेन, म्हणजे २२० लक्स. तोच प्रोजेक्टर दुप्पट अंतरावर, अठरा मीटरवर नेला तर चित्र चौपट मोठं होतं आणि उजेड ५५ लक्सवर येतो. आता समोरून नटाच्या चेहऱ्यावर ५०० लक्सचा पार मारला तर त्याचा उजेड मागच्या भिंतीवर सांडतो आणि पाणी धुऊन निघतं. आपल्याकडे प्रोजेक्शन फिकं दिसलं की प्रोजेक्टर कमी पडला असं म्हणतात. बहुतेक वेळा दोष समोरच्या दिव्यांच्या कोनाचा असतो. दिवे बाजूने आणि वरून लावले, नट भिंतीपासून दोन-अडीच मीटर पुढे उभे केले, तर सांडलेला उजेड जमिनीवर पडतो आणि भिंत प्रोजेक्टरसाठी मोकळी राहते.

इथपर्यंतचं काम एका नाट्यगृहात बसून करता येतं. खरा पेच पुढे आहे. वणीत प्रयोग झाला, पुढचा चंद्रपूरला, त्याच्या पुढचा एखाद्या गावच्या मैदानात. मंचाची रुंदी वेगळी, ट्रसची (दिव्यांच्या सांगाड्याची) उंची वेगळी, दिवे टांगण्याच्या जागा वेगळ्या. दीडशे क्यू लिहिलेले असतील आणि प्रत्येकात दिव्याच्या मानेचे आकडे थेट भरलेले असतील, तर नव्या गावात ते सगळे चुकीचे ठरतात. दीडशे क्यू एका संध्याकाळी दुरुस्त होत नाहीत.

म्हणून शहाणा प्रोग्रॅमर क्यूमध्ये आकडे भरत नाही, नावं भरतो. ‘खांबाचा पाया’, ‘शिडीचं तोंड’, ‘मुकादमाची जागा’ अशा मंचावरच्या दहा-बारा जागा आधी साठवायच्या. बोर्डाच्या भाषेत याला पॅलेट म्हणतात. क्यूमध्ये फक्त ‘सहा नंबरचा दिवा, शिडीचं तोंड’ असं लिहायचं. मोबाइलमध्ये आपण नंबर नावाने साठवतो आणि नंबर बदलला की एकाच जागी बदलतो, तसंच हे. नव्या गावात पोहोचल्यावर त्या दहा-बारा जागा नव्याने नेम धरून साठवल्या की दीडशे क्यू आपोआप जागेवर येतात. माझ्या मते प्रोग्रॅमिंगची कला जवळजवळ सगळी इथे आहे. कोणता आकडा कशावर अवलंबून आहे हे आधी ओळखायचं. आकडे भरणं हे शेवटचं आणि सोपं काम.

वणीच्या पूर्वेला वैनगंगेच्या खोऱ्यातली झाडीपट्टी रंगभूमी या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. दिवाळीपासून होळीपर्यंतचा हंगाम, मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने लागलेली नाटकं, वडशाला कंपन्यांची गर्दी, रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारे प्रयोग. आज हे गाव, उद्या ते. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. रोज नवा मंच ही तिथली नेहमीची स्थिती आहे, आणि पॅलेटची पद्धत जणू अशाच कंपन्यांसाठी बनली आहे.

त्याच प्रयोगांतून आणखी एक प्रश्न पुढे येतो. क्यू कोणी चालवायचा, घड्याळाने की माणसाने? ध्वनिमुद्रित गाण्यावर नाच असेल तर टाइमकोड लावून दिवे गाण्याला बांधून टाकावेत. सेकंदाचे पंचवीस किंवा तीस भाग पाडून बोर्ड नेमक्या क्षणी क्यू सोडतो, माणसाचा हात तिथे कमीच पडेल. ‘जाणता राजा’सारख्या ध्वनिमुद्रित संवादांच्या महानाट्यालाही हे शोभतं. पण जिवंत संवाद असतील, गाण्याला वन्स मोअर मिळत असेल, नट एखाद्या रात्री विराम लांबवत असेल, तर टाइमकोड नाटकाचा गळा धरतो. तिथे ‘गो’ बटणावर माणसाचंच बोट हवं. खाणीच्या प्रसंगात पाणी चढण्याचा वेळ मी क्यूमध्ये चार मिनिटं लिहीन, पण त्याचे सहा तुकडे करीन आणि प्रत्येक तुकडा नटाच्या वाक्यावर सोडीन. नट थांबला तर पाणीही थांबेल.

दिवे अंधारात हलवून ठेवण्याची युक्ती न विसरता लिहावी. दिवा बंद असतानाच त्याची मान पुढच्या जागेवर नेऊन ठेवायची. हे न केल्यास दिवा लागल्यावर झोत मंचभर फरफटत जातो आणि लोकांचं लक्ष नटाऐवजी दिव्याकडे जातं. बहुतेक आधुनिक बोर्डांत यासाठी तयार सोय असते.

मैदानातल्या प्रयोगाचे त्रास वेगळेच. वणीच्या हवेत कोळशाची धूळ आहे आणि हंगामात जिनिंगचा कापूसही उडतो. प्रोजेक्टर पंख्याने हवा ओढतो, गाळणी बुजली की तापतो आणि मधेच बंद पडतो. गाळणी प्रत्येक प्रयोगाआधी झटकावी. जनरेटर क्षणभर गचकला तर डिस्चार्ज दिवा थंड होईपर्यंत पुन्हा लागत नाही, त्यात काही मिनिटं जातात, आणि चित्रांचा संगणक पुन्हा सुरू व्हायलाही वेळ घेतो. बोर्ड आणि संगणक यूपीएसवर असणं हा चैनीचा भाग नाही. डीएमएक्ससाठी माइकची केबल वापरायची सवय सगळीकडे आहे. लहान अंतरावर ती चालते, लांब पडली की दिवे आपोआप थरथरतात. १२० ओहमची योग्य केबल आणि शेवटच्या दिव्यावर तेवढ्याच ओहमचा टर्मिनेटर लावला की हा आजार बहुधा जातो. आणि झोत लोकांच्या डोळ्यांत कधीही रोखू नये. मिरवणुकांतल्या लेझरने डोळे अधू झाल्याच्या तक्रारींनंतर २०२४ च्या गणेशोत्सवात पुण्यात पोलिसांनी लेझर झोतांवर बंदी घातली होती. मंचावरही तीच काळजी हवी.

आज भाड्याने मिळणारी एलईडी वॉल प्रोजेक्टरपेक्षा कितीतरी उजळ असते आणि फिरत्या मानेचे डिजिटल प्रोजेक्टर आता फारसे बनत नाहीत. ऑर्केस्ट्रासाठी वॉल ठीकच आहे. खाणीसाठी मी ती नाकारीन. वॉल स्वतः प्रकाश फेकते, तिच्यासमोर नट काळी आकृती होतो आणि चित्र कायम त्याच्या मागे राहतं. प्रोजेक्टरचं पाणी नटाच्या अंगावर पडतं. साधा स्थिर प्रोजेक्टर, एक लॅपटॉप आणि चित्रांचे थर हाताळणारं सॉफ्टवेअर एवढ्यावरही हे जमू शकतं.

शिकण्यासाठी तर आता दिवेही लागत नाहीत. क्यूएलसी प्लस हे सॉफ्टवेअर मोफत आहे. ग्रँडएमए३ बोर्डाची संगणकावर चालणारी आवृत्तीही फुकट उतरवून घेता येते. दिव्यांपर्यंत सिग्नल पोहोचवायचा तेवढ्यासाठी यंत्र विकत घ्यावं लागतं. वणीतला एखादा मुलगा किंवा मुलगी घरात बसून संपूर्ण मंच पडद्यावर उभा करून दीडशे क्यू लिहू शकते, पुसू शकते, पुन्हा लिहू शकते.

मिळत नाही तो मंचावरचा वेळ. उघड्या मैदानात प्रोजेक्टरचा नेम दिवसा धरताच येत नाही. डिसेंबरात इथे सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो, पुरेसा अंधार पडायला सात वाजतात, आणि आठला पाहुणे येऊन बसतात. त्या एका तासात ध्वनीवाला माइक तपासतो, नेपथ्यवाला खिळे ठोकतो, आणि नट रंगभूषेला गेलेले असल्यामुळे कोणाच्या अंगावर पाणी चढवून पाहायचं तेही उरत नाही. म्हणून आयोजकांशी बोलताना भाड्याच्या आकड्याआधी एक मागणी ठेवावी. प्रयोगाच्या आदल्या रात्री सात ते बारा मंच, ट्रस, जनरेटर आणि दोन नट. त्या पाच तासांत पहिला दीड तास दिव्यांच्या जागा साठवायला, एक तास चित्राचे कोपरे भिंतीला बसवायला, आणि उरलेला सगळा वेळ पाण्याच्या त्या चार मिनिटांसाठी.